पाण्याचा जिना : बेल्जमच्या कालव्यांवर एक दिवस

पाण्यास चढण चढतां येत नाहीं, हें आपल्याकडील गुराख्याच्या पोरासहि ठाऊक असतें. नदी डोंगरावरून खालीं येते. डोंगर चढून ती पलीकडच्या खोऱ्यांत उतरल्याचें कोणीं पाहिलेलें नाहीं. परंतु व्यापारास हा निसर्गनियम सोयीचा नसतो. एका खोऱ्यांत कोळसा निघतो, त्याचें गिऱ्हाईक दुसऱ्या खोऱ्यांत बसलेलें असतें आणि दोहोंच्या मध्यें उंचवटा आडवा पडलेला असतो. अशा वेळीं मनुष्याची बुद्धि पाण्यासच जिना बांधून देते. असा एक जिना बेल्जम देशांत आहे. त्या जिन्यानें नावेंत बसून वर चढण्याचा योग प्रस्तुत लेखकास गेल्या उन्हाळ्यांत आला. त्या दिवशीं जें पाहिलें व ऐकलें, तें वाचकांस, विशेषतः घरांतील मुलाबाळांस व गृहिणींस, सांगण्यासारखें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

बेल्जम देश आकारानें लहान. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ दहावा हिस्सा. परंतु एवढ्याशा भूमीवर नौकानयनास योग्य असे सुमारें दीड हजार किलोमीटर जलमार्ग आहेत. म्यूज व शेल्ट या तेथील दोन मुख्य नद्या. दोघींचा उगम फ्रान्समध्यें. दोघीहि बेल्जममधून वाहत जाऊन हॉलंडच्या बाजूनें समुद्रास मिळतात. म्यूजच्या कांठीं नामूर व लिएज हीं शहरें आहेत, शेल्टच्या कांठीं गेंट व अँटवर्प. आपल्याकडील प्रवासी बहुधा उत्तरेकडील सपाट फ्लँडर्स प्रांतांत जातात, ब्रूज नगरींतील कालव्यांतून तासभर नौकाविहार करतात आणि फार झालें तर नेपोलियनच्या आज्ञेनें खणावयास घेतलेल्या कालव्यानें, दुतर्फा उभ्या असलेल्या उंच झाडांच्या सावलींतून, दाम नांवाच्या टुमदार गांवापर्यंत जाऊन येतात. तो प्रदेश रम्य आहे यांत शंका नाहीं. परंतु सपाट भूमींत कालवा खणणें म्हणजे सारवलेल्या अंगणांत रांगोळी काढणें होय. खरी परीक्षा दक्षिणेकडील वालोनिया प्रांताच्या चढउतारांत होते.

या प्रांतांत शार्लरवा, ला लूव्हिएर व मॉन्स या शहरांच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या. मॉन्सपासून फ्रान्सच्या सरहद्दीकडे जाणारा कालवा १८१८ सालीं पुरा झाला. शार्लरवापासून राजधानी ब्रसेल्सला जाणारा कालवा १८३२ सालीं खुला झाला. आतां हे दोन कालवे एकमेकांस जोडले म्हणजे म्यूज व शेल्ट या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांची गांठ पडणार होती. अंतर फारसें नव्हतें, अवघें २१ किलोमीटर. परंतु एवढ्या अंतरांत सुमारें ८९ मीटर उंची काटावयाची होती, आणि त्यांतील ६६ मीटर चढ शेवटच्या सात किलोमीटरांतच होता.

अशा ठिकाणीं साधा उपाय म्हणजे लॉक. दोन्ही टोकांस दारें असलेला एक हौद बांधावयाचा, नाव आंत घ्यावयाची, वरच्या बाजूचें पाणी आंत सोडावयाचें, म्हणजे नाव आपोआप वर येते. उपाय सोपा खरा, पण तो पाण्याच्या बाबतींत उधळ्या आहे. ४३ मीटर लांब, ५.८ मीटर रुंद व ४ मीटर चढाचा एक लॉक भरावयाचा म्हणजे सुमारें एक हजार घनमीटर पाणी वरून खालीं जातें. कालव्याचा माथा उंचवट्यावर. तेथें मोठी नदी नाहीं. दिवसभर नावांची रांग लागली तर वरचें पाणी आणावयाचें कोठून? या एका प्रश्नापायीं दोन खोऱ्यांची सोयरीक कित्येक वर्षें अडून राहिली.

उत्तर आलें तें इंग्लंडांतून. एडविन क्लार्क नांवाच्या इंजिनियराच्या योजनेवरून १८७५ सालीं अँडर्टन या गांवीं नावा उचलणारें एक यंत्र उभें राहिलें होतें. तेंच तत्त्व बेल्जमनें स्वीकारिलें. पहिल्या चौदा किलोमीटरांत सहा साधे लॉक बांधिले आणि शेवटच्या सात किलोमीटरांत चार पाळणे उभारले. आपल्याकडे उंच इमारतींतील लिफ्टला पूर्वीं पाळणा म्हणत असत. तोच शब्द येथें शोभतो. पहिला पाळणा १५.४० मीटर उंचीचा आणि पुढील तीन प्रत्येकीं १६.९३ मीटरांचे. मुलांनीं बेरीज करून पाहावी; ती ६६.१९ मीटर येते.

आमचें वास्तव्य ब्रसेल्स येथें मुलीकडे होतें. आषाढांतील एका सकाळीं मुलगी, जावईबापू, आठ वर्षांचा नातू, माझें कुटुंब व मी असे पांच जण ला लूव्हिएर गांठून कालव्याच्या कांठीं पोहोंचलों. आपल्याकडील आषाढाची आठवण व्हावी असाच पाऊस भुरभुरत होता. कालवा अरुंद, दोन्ही कांठांस गवत, झाडें व एक पाऊलवाट. पूर्वीं याच वाटेनें चालत माणसें व घोडीं दोरानें नावा ओढून नेत. पाण्यावर बदकें निश्चिंत तरंगत होतीं. अधूनमधून एखादा फिरता किंवा उचलता पूल येई. नाव दिसतांच तो बाजूस होई, रस्त्यावरील मोटारी निमूटपणें थांबत आणि नाव गेली कीं पूल पुनः जागेवर येई. नावेसाठीं मोटारीनें थांबावें, ही मर्यादा पाहून मला मोठें कौतुक वाटलें.

आमची नाव तिसऱ्या पाळण्याच्या पायथ्याशीं आली. समोर लोखंडी मनोरे, तुळया व जाळ्या यांचा एक प्रचंड सांगाडा उभा होता. त्याच्या पोटांत शेजारीं शेजारीं दोन लोखंडी हौद. एक खालीं कालव्याच्या पातळीवर, दुसरा वर सतरा मीटरांवर. आमची नाव खालच्या हौदांत शिरली. मागचें दार बंद झालें. क्षणभर कांहींच झालें नाहीं. आणि मग आवाज नाहीं, धक्का नाहीं, कांठावरचीं झाडें मात्र हळूहळू खालीं जाऊं लागलीं. आम्हीं वर चाललों होतों. शेजारचा हौद त्याच संथपणें खालीं येत होता. अर्ध्या वाटेवर दोन्ही हौद समोरासमोर आले.

"आजोबा, हें विजेवर चालतें का?" नातवानें विचारिलें.

"नाहीं बाळ, पाण्यावर."

"पण पाणी तर उचलावयाचें आहे! तें स्वतःला कसें उचलील?"

प्रश्न बिनतोड होता. त्याला जें सांगितलें तेंच वाचकांसहि सांगतों. तराजूचीं दोन पारडीं घ्या. दोहोंत सारखें वजन असेल तर कांटा मध्यें राहतो. एकांत चिमूटभर अधिक घातलें कीं तें खालीं जातें व दुसरें वर येतें. येथें प्रत्येक हौद एका जाड लोखंडी खांबावर बसविलेला आहे. तो खांब म्हणजे एक दट्ट्या. तो जमिनींत पुरलेल्या नळकांड्यांत वरखालीं सरकतो, आणि दोन्ही नळकांडीं एका नळानें एकमेकांस जोडलेलीं आहेत. एक दट्ट्या खालीं दबला कीं त्याच्याखालचें पाणी नळांतून दुसऱ्या दट्ट्याखालीं जातें व त्यास वर उचलतें. भरलेल्या हौदाचें वजन सुमारें हजार टन. पण दोन्हीकडे तें सारखेंच असल्यामुळें कोणावरच त्याचा भार नाहीं. वरचा हौद कालव्याच्या पातळीपेक्षां थोडा खालीं थांबवितात, त्यामुळें त्यांत सुमारें ३० सेंटिमीटर जास्त पाणी येतें. ४३ मीटर लांब, ५.८ मीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल. गुणाकार केला तर सुमारें ७५ टन होतात. एवढें वजन वरच्या पारड्यांत पडलें कीं किल्ली फिरवावयाची. तें पारडें खालीं, हें पारडें वर. हजार टनांचा हौद उचलण्यास खर्च काय, तर ७५ घनमीटर पाणी! आपल्याकडे मोटेचे बैल धांवेवरून खालीं उतरतात व त्यांच्या उतरण्याच्या भारानें पाणी वर येतें. त्याच जातीची ही युक्ति आहे.

नातवाचें एवढ्यानें समाधान झालें नाहीं. "पण आपल्या हौदांत आपण सगळे बसलों आहों. त्या दुसऱ्यांत नाव नाहींच. मग आपला हौद जड नाहीं का झाला?"

मी त्याची पाठ थोपटली. हाच प्रश्न आर्किमिडीजनें दोन हजार वर्षांपूर्वीं सोडविला. नाव पाण्यांत शिरतांना आपल्या वजनाइतकेंच पाणी बाहेर सारते. साडेतीनशे टनांची नाव आंत आली म्हणजे तितकें टन पाणी हौदांतून कालव्यांत परत जातें. म्हणून हौदांत नाव असो वा नसो, भरलेली असो वा रिकामी असो, पाण्याची पातळी तीच राहिली कीं वजन तेंच राहतें. आलेल्यास जागा देतांना आपण तितकें बाजूस सरावें, हा पाण्याचा धर्म आहे. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

वर पोहोंचल्यावर यंत्रघर पाहावयास मिळालें. पितळी भाग लखलखीत पुसलेले, तेल घातलेलें, जमिनीवर कचरा नाहीं. हौदांचीं दारें उघडण्यामिटण्यास जो जोर लागतो तोहि वरच्या पाण्याच्या दाबानेंच मिळतो. या चार पाळण्यांपैकीं पहिला बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या हस्तें १८८८ सालीं सुरू झाला. बाकीचे तीन पुरे होण्यास फार काळ लागला. ते हातावेगळे होतात तों पहिलें महायुद्ध पेटलें. अखेर १९१७ सालीं, बेल्जम जर्मन सैन्याच्या ताब्यांत असतां, त्यांच्याच अंमलांत हे पाळणे चालू झाले. आपल्या लोकांनीं कष्टानें बांधलेलें काम आपल्या देशास जिंकणाऱ्याच्या हस्तें सुरू व्हावें, या घटनेंतील दुःख पारतंत्र्य भोगलेल्या आपल्या देशास सहज समजेल.

आमच्या नावेवर दोर टाकणें, बांधणें हें काम एक वृद्ध गृहस्थ करीत होते. वय पंचाहत्तरीच्या आसपास, हात घट्ट्यांनीं भरलेले, बोलणें थोडें. ते जन्मानें नाखवे. मुलगी फ्रेंच जाणते; तिच्या मुखानें माझें त्यांच्याशीं बरेंच बोलणें झालें. त्यांच्या तीन पिढ्या याच पाण्यावर गेल्या होत्या.

या भागांतील सर्वांत जुनीं गलबतें अगदीं लहान, सुमारें ७० टन मालाचीं. त्यांस लोक लांकडी जोड्याच्या नांवानें 'साबो' म्हणत. पुढें कालवे रुंद झाले आणि ३०० ते ३५० टनांचे पडाव आले. त्यांचें नांव 'पेनिश'. लांबी साडेअडतीस मीटर, रुंदी पांच मीटरांहून किंचित् अधिक. पाळण्याचा हौद ५.८ मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंस फार तर दीड वीत जागा. असा पडाव त्या हौदांत नेणें म्हणजे सुईंत दोरा ओंवणें होय. माल म्हणजे कोळसा, वाळू, विटा, धान्य. हा पडाव नुसतें वाहन नव्हे, तें घर असे. मागच्या बाजूस एक लहानशी खोली. तींतच चूल, तेथेंच निजणें, तेथेंच देवाची तसबीर. खिडकीस विणकामाचे पडदे आणि बाहेर फुलांच्या कुंड्या. घोडें बाळगण्याची ऐपत नसेल तर छातीस पट्टा बांधून नवराबायको स्वतः कांठावरून पडाव ओढीत. "माझ्या आजीनें हा कालवा पायांनीं मोजला आहे," असें ते म्हाताऱ्यानें बोलून दाखविलें तेव्हां माझ्या कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी आलें.

"आणि मुलें?" तिनें विचारिलें. तो प्रश्न तीच विचारणार हें मला ठाऊक होतें.

लहान मुलें पाण्यांत पडूं नयेत म्हणून त्यांच्या कमरेस दोरी बांधून ती डोलकाठीस किंवा कडीस अडकवीत. दोरीची लांबी अशी, कीं मूल कडेपर्यंत जाईल पण कडेपलीकडे जाणार नाहीं. सहा वर्षें झालीं कीं ती दोरी सुटे, पण तिच्याबरोबर घरहि सुटे. बेल्जममध्यें सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९१४ सालीं झाला. फिरत्या घरांतील मुलांनीं शाळेंत जावें कसें? त्यांच्यासाठीं वसतिगृहाच्या शाळा निघाल्या. म्हातारे गृहस्थ सहाव्या वर्षीं अशा शाळेंत गेले. ते म्हणाले, "शनिवारीं इतर मुलांस आपलें घर कोठें आहे तें ठाऊक असे. मला मात्र तें शोधावें लागे. या आठवड्यांत तें कोणत्या गांवीं लागलें आहे, हें पत्रांतून कळे. पत्र वेळेवर आलें नाहीं तर शनिवार शाळेंतच."

मी आयुष्यभर शाळामास्तर. माझ्या वर्गांतहि दूरच्या खेड्यांतून वार लावून शिकणाऱ्या मुलांच्या गोष्टी वडील शिक्षकांच्या तोंडून आम्हीं ऐकलेल्या; परंतु ज्याचें घरच चालत्या पाण्यावर आहे असा विद्यार्थी कधीं पाहिला नव्हता. विद्या देतांना समाज मुलापासून काय काढून घेतो, याचा हिशेब शिक्षणखात्याच्या अहवालांत कोठेंच मांडलेला नसतो. त्या शाळा नसत्या तर हीं मुलें निरक्षर राहिलीं असतीं, हेंहि खरेंच. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळेंच प्रश्न कठीण होतो.

वरच्या टप्प्यावर कालव्याच्या कांठीं जुन्या बराकी दिसल्या. त्या इटालियन मजुरांच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जमला खाणींत उतरणारीं माणसें मिळेनात व इटलीला कोळसा मिळेना. म्हणून १९४६ सालीं दोन्ही सरकारांत करार झाला. इटलीनें पन्नास हजार मजूर द्यावे, बेल्जमनें कोळसा द्यावा. माणसांच्या बदल्यांत कोळसा, असा हा सौदा. त्याची खरी किंमत ८ ऑगस्ट १९५६ रोजीं कळली. शार्लरवाजवळच्या मार्सिनेल येथील खाणींत आग लागून २६२ माणसें मेलीं. त्यांत १३६ इटालियन होते. आज त्या देशांत कोळशाची एकहि खाण चालू नाहीं. शेवटची १९९२ सालीं बंद झाली. खाणींतून निघालेल्या मातीदगडांच्या टेकड्या मात्र जागोजागीं उभ्या आहेत. त्यांवर आतां हिरवीगार झाडी वाढली आहे. पांढऱ्या सालीचीं तीं झाडें पाहून मी चमकलों, कारण तीं भूर्जवृक्षाच्याच जातीचीं. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं शास्त्रें लिहिलीं त्याचा हा सगोत्र कोळशाच्या राखुंड्यावर मुळें रोवून उभा होता.

दुपारीं डबे उघडले, थालीपिठें व दहींभात झाला, आणि आम्हीं मोटारीनें थ्यू गांवीं नवा पाळणा पाहावयास गेलों. युद्धानंतर युरोपांत जलमार्गांचें माप वाढलें. ३५० टनांचा पडाव परवडेनासा झाला आणि १,३५० टनांचें गलबत हें प्रमाण ठरलें. तें जुन्या हौदांत मावणें शक्यच नव्हतें. म्हणून जुन्या कालव्याच्या बाजूस नवा रुंद कालवा काढला, आणि चार पाळण्यांचें काम एकट्यानें करील असा एक प्रचंड पाळणा स्त्रेपी-थ्यू येथें बांधला. काम १९८२ सालीं सुरू झालें व २००२ सालीं संपलें. त्याची उचल ७३.१५ मीटर. त्याचे दोन हौद प्रत्येकीं ११२ मीटर लांब व १२ मीटर रुंद. पाण्यासह प्रत्येकाचें वजन सात हजार टनांहून अधिक. प्रत्येक हौद १४४ पोलादी दोरांवर टांगलेला आहे. त्यांतील ११२ दोर भार तोलतात व ३२ दोर हालचाल करवितात. चीनमध्यें थ्री गॉर्जेस धरणावरील पाळणा २०१६ सालीं सुरू होईपर्यंत जगांत याहून उंच पाळणा नव्हता.

या वेळीं आम्हीं मोठ्या नावेंतून वर गेलों. सांत-आठ मिनिटांत पंचवीस मजली हवेलीइतकी उंची गांठली. वरून सारा मुलूख नकाशासारखा पसरलेला दिसतो. तांबड्या विटांचीं गांवें, हिरव्या टेकड्या आणि मध्यें दोऱ्यासारखा जुना कालवा. नवा कालवा तर पुढें सुमारें अर्धा किलोमीटर लांबीच्या पुलावरून रस्त्यांच्या डोक्यावरून जातो. खालीं मोटारी व वर गलबतें!

यंत्र म्हणून दोहोंत एक भेद माझ्या लक्षांत राहिला. जुन्या पाळण्यांत दोन हौद एकमेकांचा भार वाहतात. एक उतरल्यावांचून दुसरा चढत नाहीं. नव्या पाळण्यांत प्रत्येक हौदास स्वतःचा स्वतंत्र तोल लाविलेला आहे. शेजारचा बंद पडला तरी याचें चालू. सोय नव्यांत अधिक, हें कबूल केलेंच पाहिजे. जुन्यांत एकास दुखलें कीं दोघेहि थांबतात. एकत्र आणि विभक्त या दोन संसारांचे गुणदोष याहून थोडक्यांत कोणास सांगतां येतील असें वाटत नाहीं.

एवढें मोठें काम करावें कीं नाहीं याविषयीं त्या देशांत पुष्कळ वाद झाला. बेल्जममध्यें उत्तरेचे फ्लेमिश व दक्षिणेचे फ्रेंच भाषिक अशीं दोन कुळें. एका प्रांतास सरकारनें कांहीं दिलें कीं दुसऱ्यासहि तितकेंच द्यावें लागे. तिकडे वॉफल नांवाचें पक्वान्न दोन सारख्या तव्यांच्या सांच्यांत भाजतात. त्यावरून या धोरणास 'वॉफलच्या सांच्याचें राजकारण' असें नांव पडलें. हा पाळणाहि त्याच सांच्यांतून निघाला, असें टीकाकार म्हणत. शिवाय ज्या कोळशासाठीं हा मार्ग जन्मास आला तो पाळणा पुरा होण्यापूर्वींच संपला होता. उलट पक्ष म्हणतो कीं, २५ टनांची एक मालमोटार धरली तर १,३५० टनांचें एक गलबत ५४ मोटारी रस्त्यावरून कमी करतें. इंधनाचा धूर व रस्त्यांवरील गर्दी पाहतां हा हिशेब डावलण्यासारखा नाहीं.

परंतु या हिशेबांत नाखव्यांचें काय झालें? पूर्वीं मालाची वांटणी पाळीनें होई. बंदरावरील कचेरींत फळ्यावर नांवें लागत. ज्याची पाळी त्यास माल. श्रीमंत असो, गरीब असो, पाळी चुकत नसे. १ जानेवारी २००० पासून युरोपीय संघाच्या नियमानें ही पद्धति संपली. भाडें ज्यानें त्यानें ठरवावें, माल ज्यास मिळेल त्यास मिळावा. त्यापूर्वींच, १९८९ पासून, जुनीं गलबतें मोडीत काढणारास पैसा देण्याची योजना सुरू झाली होती. आमच्या वृद्ध सोबत्यांनीं त्याच योजनेखालीं आपला पडाव दिला. "मोडतांना पाहावयास मी गेलों नाहीं," एवढेंच ते म्हणाले. त्यांची मुलें आज जमिनीवर राहतात, नोकऱ्या करतात, सुखी आहेत. त्यांच्या नातवंडांच्या कमरेस दोरी नाहीं व सहाव्या वर्षीं घरहि सुटत नाहीं. तेव्हां गेलेल्या काळासाठीं नुसतें हळहळणें योग्य होणार नाहीं. पण ज्या कौशल्यास तीन पिढ्या लागल्या, तें एका धनादेशानें संपलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

जुन्या चार पाळण्यांचें भाग्य मात्र निराळें निघालें. नवा मार्ग ठरतांच ते निरुपयोगी झाले. मोडून लोखंड विकणें हा सरळ व्यवहार होता. परंतु तेथील लोकांनीं त्यांच्यासाठीं आवाज उठविला, आणि १९९८ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं जगांत अशीं पाण्याच्या दाबावर चालणारीं आठ यंत्रें झालीं. मूळ स्थितींत व कामास योग्य अशीं फक्त हीं चार उरलीं आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी कीं त्यांस नुसतें रंगवून, कुंपण घालून ठेविलेलें नाहीं. नाव येते, दार उघडतें, हौद चढतो. यंत्र चालतें राहिलें तरच त्याची विद्या जाणणारा मनुष्य राहतो, आणि मनुष्य राहिला तरच यंत्र राहतें. पाठशाळेंतील शास्त्राचेंहि असेंच आहे. पोथी कपाटांत असणें निराळें आणि ती म्हणणारा असणें निराळें.

आज फ्रान्समध्यें १०७ किलोमीटर लांबीचा एक नवा कालवा खणणें चालू आहे. तो सेन नदीचा मार्ग शेल्टच्या मार्गास जोडील आणि त्यांतून ४,४०० टनांचीं गलबतें जातील. म्हणजे ७० टनांच्या साबोस ३५० टनांच्या पेनिशनें मागें टाकिलें, पेनिशला १,३५० टनांच्या गलबतानें, आणि आतां त्यासहि लहान म्हणणारें माप पुढें आलें आहे. आज जो प्रचंड पाळणा पाहून मान उंच करावी लागते, त्याच्याविषयींहि उद्यां कोणास विचार करावा लागेल कीं हा मोडावा कीं राखावा. त्या वेळीं त्यांच्यापुढें या चार जुन्या पाळण्यांचें उदाहरण असेल, आणि तेवढ्यासाठीं तरी ते चालते ठेवणें इष्ट आहे.

बेल्जमला जाण्याचा ज्यांस योग येईल, ज्यांच्या मुलीसुना नोकरीधंद्यानिमित्त त्या बाजूस आहेत, त्यांनीं ब्रूजचे हंस अवश्य पाहावे. परंतु एक दिवस या पाण्याच्या जिन्यासाठीं राखून ठेवावा. ब्रसेल्सपासून तें स्थळ दूर नाहीं. घरांतील मुलांस मात्र बरोबर न्यावें, आणि हौद चढूं लागला म्हणजे त्यांस आपण होऊन कांहीं सांगूं नये. तीं स्वतः प्रश्न विचारतील, आणि त्या प्रश्नांचीं उत्तरें देतांना आपलीहि उजळणी होईल.